सात मुसकी

पहिल्या फैरीला मायलो श्रामेकची टोपी उडाली आणि हॉलच्या मागच्या कोळशाच्या शेगडीवर जाऊन पडली. शेगडी पेटलेली होती, कारण सरावानंतर सॉसेज भाजायचे ठरले होते.

“कुणी हलू नका!” कमांडर रे दुसेक ओरडले.

कुणी हलत नव्हतेच. सहाही म्हातारे रायफली खांद्याला लावून, डोळे घट्ट मिटून, मान एकाच बाजूला टाकून उभे होते. सगळ्यांची मिळून एकच दाढ दुखत असावी तसे.

“लेन, तुझ्या बंदुकीनं माझ्या कानात फुंकर मारली,” मायलो म्हणाला.

“फुंकर? मला तर पलीकडच्यानं थोबाडीत दिलीय,” लेनमामा म्हणाला. “कोण आहे रे पलीकडे?”

“मी आहे,” लॅडी हाम्सा म्हणाला. “आणि मला बोलू नकोस. माझ्या चष्म्यावर काजळी बसलीय. मला वाटलं मीच गेलो.”

हे आमचे सलामी पथक. नेब्रास्कातल्या आमच्या व्होडनी गावात माजी सैनिक वारला की हे लोक कबरीशी रांगेत उभे राहतात आणि नुसत्या आवाजाच्या काडतुसांच्या तीन फैरी झाडतात. मी पथकाची चिटणीस आणि बिगूलवाली. बिगूल मला वाजवता येत नाही. त्याच्या तोंडात एक यंत्र बसवलेले असते. त्याचे बटण दाबून मी गाल फुगवते. गेली चार वर्षे गावातले लोक माझ्या फुगलेल्या गालांकडे बघून रडत आले आहेत.

लेनमामा म्हणजे लेन व्होंद्रा, माझ्या आईचा थोरला भाऊ. वय बहात्तर. आयुष्यभर विहिरींचे पंप दुरुस्त केले, अजूनही करतो. पथकाच्या बंदुकांची देखभाल त्याच्याकडे, कारण पाना धरता येणारा दुसरा कुणी नव्हता. त्याने रायफल उभी धरली, खिशातून चष्मा काढला आणि नळीच्या तोंडाशी काय आहे ते प्रथमच नीट पाहिले.

तिथे वीतभर लांबीचा एक पोलादी ठोकळा होता, दोन्ही अंगांना फटी असलेला. गोळी सुटताना निघणारा वायू तो सरळ जाऊ देत नाही, बाजूंना फेकतो. खांद्याला धक्का कमी बसतो. एकटा माणूस हरणामागे गेला तर ठीक आहे. रांगेत खांद्याला खांदा लावून सहा जण उभे असतील तर प्रत्येकाचा धक्का शेजाऱ्याला बसतो.

“ह्याच्यावर काहीतरी लिहिलंय,” लेनमामा म्हणाला. मग त्याने ते मोठ्याने वाचले. “‘स्लोकम ट्रक्स. आम्ही आहोत ना!’”

शेगडीवर मायलोची टोपी शांतपणे जळत होती.

हे माझ्यामुळे झाले होते, ते सांगून टाकते. आमच्या जुन्या रायफली सैन्याच्या होत्या, उसन्या. दर वर्षी त्या मोजून एक फॉर्म भरायचा. मागच्या वर्षी तो मी भरला आणि आठ लिहिल्या. सात कपाटात होत्या, आठवी आमच्या हॉलमधल्या बारच्या वर टांगलेली. ती लाकडाची आहे, कवायतीसाठी केलेली, हे मला ठाऊक नव्हते. मी कुवेतमध्ये दोन वर्षे सैन्याचे ट्रक धुतले, बंदुका नाही. या वर्षी दुसेकसरांनी स्वतः मोजून सात लिहिल्या. मग आठवी कुठे गेली, असे विचारायला दोन अधिकारी आले. आम्ही त्यांना लाकडी रायफल दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि जाताना खऱ्या सातही घेऊन गेले. लाकडी ठेवली.

मग ट्रक विकणारा ड्वेन स्लोकम पुढे झाला. त्याने पथकाला सात नव्या रायफली दान दिल्या. नव्या, पण जुन्या धाटणीच्या. कारखान्यातूनच म्हाताऱ्या होऊन आलेल्या. लाकडावर ओरखडे होते, सातही लाकडांवर त्याच जागी तेच ओरखडे. दस्त्यावर कुणा सैनिकाने चाकूने आपली आद्याक्षरे कोरली होती. एकाच सैनिकाने, सातही बंदुकांवर, एकाच लांबीची. तो सैनिक कधी जन्मालाच आला नव्हता, पण हस्ताक्षर चांगले होते.

“मी हे शनिवारी एमिलच्या डोक्यावर वाजवणार नाही,” लेनमामा म्हणाला.

एमिल कुचेरा सोमवारी वारला होता. पथकातलाच, सातवा.

“कोंबड्यांना दाणे घालताना मेला,” लेनमामा जो भेटेल त्याला सांगत होता, तक्रार नोंदवावी तसा. “गुरुवारी सराव आहे हे माहीत असून!”

दुसेकसर शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते अशी त्यांची श्रद्धा आहे. “टेप लावू,” ते म्हणाले. “नावावर काळी टेप लावायची. विषय संपला.”

टेप लावून दुसरी फैरी झाली. टेप पेटली आणि लॅडीच्या बाहीला जाऊन चिकटली. ती विझवून झाल्यावर सर म्हणाले, “मग अंतर ठेवून उभे राहू. दोघांत आठ पावलं.”

लॅडीने बोटांवर हिशेब केला. “सर, म्हणजे सहावा माणूस कुंपणापलीकडे जातो. लूथरन चर्चवाल्यांच्या कबरींत.”

“एमिलला चालेल.”

“लूथरन लोकांना नाही चालणार.”

“ही मुसकी काढून टाकायची,” लेनमामा म्हणाला. “बैलाला घालतात तसली मुसकी आहेत ही. काढून टाकायची. ह्यात चर्चा कसली?”

सरांनी घडी घातलेला एक कागद काढला. दानपत्र. त्यात स्लोकमने लिहून घेतले होते की नळीवरचे हे ठोकळे, कागदाच्या भाषेत ‘ब्रेक’, जागचे हलवू नयेत. “शनिवारी तो फोटोग्राफर घेऊन येतोय, लेन. आणि हॉलच्या छपराचंही तो बघणार आहे. गेल्या पावसात नाचाच्या जमिनीवर बादल्या ठेवल्या होत्या आपण. विसरलास?”

“म्हणून एमिलच्या मढ्यावर ट्रक विकायचे?”

मतदान झाले. कानात कापूस घालून मुसक्यांसकट फैरी झाडाव्या, या बाजूने सहा. विरुद्ध एक. मी तटस्थ राहिले. तटस्थ म्हणजे भित्री, फक्त इतिवृत्तात लिहिण्याजोगा शब्द.

सॉसेज कुणी खाल्ले नाहीत. त्यांना टोपीचा वास लागला होता.

शुक्रवारी दुपारी मी मामाच्या वर्कशॉपमध्ये गेले. काय बोलायचे ते ठरवून गेले होते, पण दारातच विसरले. सातही रायफली फळीवर ओळीने निजवलेल्या होत्या. एक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडलेली. मामाने वर पाहिले नाही.

“मत मागायला आलीस?”

“मामा, मी तटस्थ होते.”

“तटस्थ! पंप बंद पडला की तोही तटस्थच असतो.”

मी स्टूल ओढून बसले. मामाच्या एका हातात भिंग होते आणि तो नळीच्या काळ्या रंगावर टोचणीने ओरखडत होता. कारखान्याने ते मुसके आट्यांवर नुसते फिरवून बसवले नव्हते. आट्यांत डिंक भरला होता, आडवे भोक पाडून खिळी ठोकली होती, खिळीच्या डोक्यावर वेल्डिंग करून ते घासून सपाट केले होते आणि वर रंग दिला होता. खोक्यात आलेले माहितीपत्रक मामाने भिंतीवर खिळ्याने ठोकले होते. ‘आयुष्यभर हलणार नाही, याची हमी.’

“कुणाच्या आयुष्यभर?” मामा म्हणाला. “हे बघ. खिळी कुठंय ते दिसू नये म्हणून रंग दिलाय. लाज वाटली असणार त्या माणसाला. वाटायलाच पाहिजे. विहिरीत दोनशे फुटांवर गंजलेला सांधा असतो ना, तो तरी प्रामाणिक असतो. तो गंजतो आणि गंजलोय म्हणून सांगतो. हा हरामखोर नवाकोरा असून हटून बसलाय.”

“किती झाल्या?”

“चार. सकाळी सातपासून. जेवलो नाही.”

“मी काही आणू?”

“तुझा फॉर्म आण. त्यावर आठ सॅंडविच लिही.”

हे मला लागले. लागावे म्हणूनच तो बोलला होता. पुढची वीस मिनिटे मी बसून राहिले आणि तो आळीपाळीने कारखान्याला, दुसेकसरांना, स्लोकमला, मला आणि एमिलला शिव्या देत राहिला. एमिलच्या वाट्याला सगळ्यात जास्त आल्या.

“ट्रकची गोष्ट माहितीय ना तुला?” तो मधेच म्हणाला.

सगळ्यांना माहीत होती. एमिल खेड्यांवर टपाल वाटायचा, स्वतःच्या गाडीने. स्लोकमने त्याला एक ट्रक विकला, कमी चाललेला म्हणून. मैलांचा आकडा मागे फिरवलेला होता. जानेवारीत, बर्फाच्या वादळात तो ट्रक बंद पडला आणि एमिल नऊ तास गावाचे टपाल मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या चरात बसून होता. पायाची दोन बोटे गेली. टपाल सगळे पोचले.

“स्लोकमनं माफी मागितली?” मामा म्हणाला. “कॅलेंडर पाठवलं. दर वर्षी गावभर पाठवतो तेच, ट्रकच्या चित्राचं. आणि ती कॅलेंडरं घरोघर टाकायची कुणी? एमिलनं! बावीस वर्षं टाकली. स्वतःच्या पेटीतसुद्धा स्वतःच टाकायचा, झाकण लावायचा, घरात जायचा, मग बाहेर येऊन काढायचा आणि मग चुलीत घालायचा. मी म्हटलं, अरे गाढवा, वाटेतच फेकून दे. तर म्हणे, लेन, टपाल ते टपाल.”

त्याने पान्यावर भार दिला. काही हलले नाही.

“सूड काय घेतला, तर बोट उचललं नाही.”

आमच्याकडे रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचे एक बोट उचलायचे असते. ओळखीचा असो, नसो. एमिल सगळ्यांना बोट उचलायचा. एकदा पोलीस ज्याच्या मागे लागले होते त्यालाही उचलले होते. पोलिसांनाही, लगेच. स्लोकमची गाडी दिसली की दोन्ही हात स्टीअरिंगवर, मुठी घट्ट, नजर सरळ. बावीस वर्षे, दिवसातून दोनदा.

“एवढंच होतं बिचाऱ्याकडे,” मामा म्हणाला. “एक बोट. तेही कोंबड्यांत पडून गार झालं. आणि आता त्या भामट्याचं नाव सहा सहा बंदुकांवर, त्याच्या कबरीवर, तीन वेळा? आम्ही आहोत ना! अरे कुठं होतास तू? चरात होतास?”

पाना एकदम फिरला. मामाचा हात घसरून व्हाइसवर आपटला, सांध्यावरची कातडी गेली. त्याने तिकडे पाहिलेही नाही. मुसके हाताने फिरवत काढले आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. ठण्ण वाजले.

सहावी संध्याकाळी पाचला सुटली. त्याने सातवी व्हाइसमध्ये बसवली.

“मामा, उद्या सहाच लागणार ना?”

“सहाच.”

“मग ही?”

“सहा कामासाठी. ही रागासाठी.”

मी उठले. तो पाठमोरा होता. “जा, सांग रेला,” तो म्हणाला. “चिटणीस आहेस. लिही इतिवृत्तात.”

“मी काही पाहिलेलं नाही.”

“परत तटस्थ.”

“नाही मामा. कालचं तटस्थ होतं. ह्याला खोटं बोलणं म्हणतात.”

त्यावर तो पहिल्यांदा हसला. हसणे आवाजाचे नव्हते, खांद्याचे होते.

शनिवारी वारा होता. दफनभूमीच्या खालच्या अंगाला मक्याची कापणी चालू होती. शववाहिनी फाटकात शिरली तेव्हा सहाही जणांनी पथकाच्या पेटीतून रायफली घेतल्या, आणि तेव्हा कुठे दुसेकसरांना दिसल्या. सहा उघड्या नळ्या. टोकाशी बोटभर पांढरे, घासलेले पोलाद, चष्मा काढल्यावर डोळ्यांभोवती दिसते तसे. सरांचे तोंड उघडले. शववाहिनी थांबली. सरांचे तोंड मिटले.

मायलोने आपल्या रायफलीकडे पाहिले, मग लेनमामाकडे. कानातला कापूस काढून खिशात ठेवला.

तीन फैरी झाल्या. टोपी कुणाची उडाली नाही. मी बटण दाबले आणि गाल फुगवले. एमिलच्या बहिणीला, ब्लांशला, शवपेटीवरचा झेंडा घडी घालून देण्यात आला. ती एक्क्याऐंशी वर्षांची, चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे बसणारी आणि काही न ऐकणारी.

स्लोकमचा फोटोग्राफर पहिल्या फैरीपासूनच गोंधळला होता. तो रांगेच्या उजवीकडून डावीकडे गेला, मग डावीकडून उजवीकडे. लेन्स पुढे केली, मागे घेतली. शेवटी स्लोकमच्या कानाशी लागून म्हणाला, “साहेब, नाव कुठं आहे?”

नाव कॉफीच्या डब्यात होते. लोक पांगायला लागल्यावर लेनमामाने तो ट्रकमधून आणला आणि स्लोकमच्या हातात ठेवला. डबा जड होता. स्लोकमचा हात खाली गेला.

“सात आहेत. मोजून घे.”

“लेन, हे मी दान दिलं होतं.”

“पथकाला दिलंस. पथकानं परत दिलं.”

“मतदान झालंय तुमचं. मला रेनं सांगितलंय.”

“मग रेला विचार. मला बोलायला लावू नकोस, ड्वेन. आज मी पांढरे हातमोजे घातलेत, आणि ते खराब करायची माझी फार इच्छा आहे.”

स्लोकमच्या मानेवर लाली चढली. तो काही म्हणणार एवढ्यात ब्लांश झेंडा छातीशी धरून तिथे येऊन उभी राहिली. तिने डब्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

“ड्वेन! तू खायला आणलंस? आज? आमच्याकडे?”

स्लोकमने डब्याकडे पाहिले. मामाकडे पाहिले. मामा आकाशाकडे पाहत होता.

“हो, मावशी,” स्लोकम म्हणाला.

“मग चर्चमध्ये खाली नेऊन ठेव. गोडाच्या टेबलावर. इथं काय उभा राहिलास?”

त्याने नेऊन ठेवला. मी पाहिले. खसखशीच्या आणि जर्दाळूच्या कोलाचे नावाच्या गोड पावांच्या मधे तो डबा दोन तास होता. बायकांनी झाकण उघडून पाहिले, परत लावले, आणि कुणाच्या घरची रीत कशी असेल सांगता येत नाही म्हणून शेजारी एक चिमटा ठेवला.

हे आठवून मला अजून हसू येते. पण सोमवारी बैठक होती.

स्लोकमचे पत्र आले होते. एकतर मुसकी परत बसवा, किंवा बंदुका परत करा. तिसरा मार्गही त्याने सुचवला होता. ज्याने हे केले त्याला पथकातून काढा, मग तो झाले गेले विसरेल आणि छपराचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. बाहेर पाऊस पडत होता आणि आम्ही सहा बादल्यांच्या मधे बसलो होतो.

“कुणाला आनंद होतोय असं समजू नकोस, लेन,” दुसेकसर म्हणाले. “बंदुका गेल्या तर पथकच राहत नाही. पुढच्या माणसाला काय सांगायचं? ठराव मोडलास तू.”

“मोडला. परत मोडीन.”

“माफी मागितलीस तरी—”

“कुणाची? त्या आकडे फिरवणाऱ्याची?” लेनमामा उभा राहिला. हाताच्या सांध्यावर अजून पट्टी होती. “छप्पर गळतंय म्हणून मला काढताय? अरे, मी पंपवाला आहे, गाढवांनो! पाणी कुठून गळतं ते मला विचारायचं. ते वरून नाही गळत. ते इथून गळतंय!” आणि त्याने टेबलावर, सरांच्या कागदांवर, मूठ आपटली. एका बादलीतले पाणी हलले. “तुम्ही सगळे एमिलच्या हातचं कॅलेंडर घेत होता. वर्षानुवर्षं. थंडीत, उन्हात. आणि एक सकाळ, एक सकाळ त्याच्यासाठी नीट उभं राहायचं होतं तर तुम्ही कापूस आणला!”

लॅडी चष्मा पुसत राहिला. तो स्वच्छ होता.

मतदान झाले. काढण्याच्या बाजूने सहा. विरुद्ध एक. इतिवृत्तात विरोध करणाऱ्याचे नाव लिहायची पद्धत नाही. मी माझे लिहिले, ब्रेना, आणि खाली रेघ मारली.

मामाने खिशातून हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, त्यावर टोपी, टोपीवर कपाटाची किल्ली. हे सगळे त्याने फार हळू केले. रागावलेला माणूस इतके हळू काही करतो तेव्हा बघवत नाही. मग म्हणाला, “तिसऱ्या नंबरच्या रायफलीचा खटका सैल आहे. ओढताना अंगठा लावा,” आणि निघून गेला.

तीन आठवड्यांनी हार्लन बोकेलमान वारला. नौदलात आचारी होता, पुढे शाळेच्या भोजनगृहात. छपरावर तेव्हा नवे पत्रे चढले होते.

पथक पाच जणांचे उरले होते. कबरी आणि मोटारी यांच्या मधल्या गवतावर ते रांगेत उभे राहिले. उजवीकडून पहिला, दुसरा, मग दोन माणसांची मोकळी जागा, मग तिघे. तिथे तिसरा एमिल आणि चौथा लेनमामा, एकतीस वर्षे.

“डावीकडचे आत सरका,” दुसेकसर हळूच म्हणाले. “जागा भरा.”

मायलो समोरच्या कापलेल्या शेताकडे बघत राहिला. लॅडी बघत राहिला. बाकीचेही.

“सरका,” सर म्हणाले. या वेळी घरच्यांनाही ऐकू गेले असावे. “ऐकू येतंय ना?”

कुणाला ऐकू आले नाही. सरांनी माझ्याकडे पाहिले. मला बोलता येण्यासारखे नव्हते, मी आधीच गाल फुगवले होते.

सर थोडा वेळ उभे राहिले. मुख्याध्यापक असताना, वर्गाने एकजुटीने खडू लपवला की ते असेच उभे राहत. मग त्यांनी पाठ सरळ केली आणि फैरीचा हुकूम दिला. आवाज तिन्ही वेळा मोकळ्या जागेच्या दोन्हीकडून आला.

सगळे संपल्यावर बोकेलमानबाई झेंडा घेऊन उठल्या. मोटारीकडे जायची वाट सरळ त्या मोकळ्या जागेतूनच जात होती. बाई तिथपर्यंत आल्या, क्षणभर थांबल्या, गवताकडे पाहिले. आणि मग रांगेच्या टोकाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्यांच्या मागे त्यांची मुले, सुना, नातवंडे, सगळीच वळसा घालून गेली.